कांदाटी खोऱ्यात दरडीमागं अडकलो तेव्हा

जुलै २०२१ म्हणलं की लोकांना चिपळूणचा पूर आठवतो नाहीतर महाडजवळचं तळीये. बरोबरच आहे, तळीयेत ८० च्या वर माणसं गेली, कॅमेरे तिथंच जाणार. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला पण त्याच पावसात डोंगर घरांवर आला. आमच्या बाजूला कुणी दगावलं नाही त्यामुळं बातमी दोन ओळींची झाली, खोऱ्याचा संपर्क तुटला एवढीच. संपर्क तुटला म्हणजे नेमकं काय होतं आणि नंतर काय काय मागं लागतं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

कांदाटी खोरं माहीत नसेल तर सांगतो. महाबळेश्वर तालुक्याचं कोयनेच्या पाण्यापलीकडचं टोक. तापोळ्यापर्यंत गाडीनं यायचं, तिथनं लाँच नाहीतर तराफ्यावर गाडी टाकून पलीकडं, आणि मग जमेल तसा रस्ता. मागं चकदेव, पर्वत, महिमंडणगड असे डोंगर आणि त्यांच्या पाठीमागं एकदम खाली कोकण, खेड तालुका. आमच्या वाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही, वीस-बावीस उंबरे आहेत, त्यातली निम्मी कुलपं. माणसं सगळी कोपरखैरणे, घणसोलीला. आमचे वडील पण तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, मी तिकडंच वाढलो, गाव म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना. कोरोनात ऑफिस घरूनच चालू होतं आणि वाडीत लावणीला माणूस मिळत नव्हता म्हणून जुलैत आलेलो.

लोकं विचारतात, एवढ्या उतारावर राहता कशाला? हौस नाही हो. खोऱ्यातली सपाट भातशेती सगळी खाली नदीकाठाला होती, साठच्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं तशी ती बुडाली. कुणाला रायगडला जमीन मिळाली, कुणाला ठाण्याला, कुणाला पार सोलापूरला. ज्यांना लांब जायचं नव्हतं ते गुरं घेऊन वर सरकले आणि डोंगराच्या कुशीत जिथं बरं वाटलं तिथं घर बांधलं. म्हणजे आमची वाडी डोंगराखाली आली ती धरणामुळं. हे पुढं महत्त्वाचं आहे.

तर त्या आठवड्यात पाऊस असा की बोलायचं काम नाही. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंत २४ तासात ५९४ मिलिमीटर पडला, पुण्याला वर्षाला साधारण ७०० च्या आसपास पडतो म्हणजे विचार करा. आमच्याकडं पावसाचं कौतुक कुणाला नसतं, इरलं घालून लावणी चालूच असते, पण २२ ला दुपारनंतर कुणी शेतात उतरलंच नाही. पुढं काही दिसेना, आवाज एवढा की पडवीत बसून शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं.

संध्याकाळी आमच्या चुलत्यांनी, नाना म्हणतो आम्ही त्यांना, एक गोष्ट पाहिली. वाडीच्या कडेनं ओढा येतो, तो दिवसभर लाल भडक आणि मोरीवरनं वाहत होता, तो अचानक उतरला. पाऊस तेवढाच, आणि ओढ्याला पाणी कमी. मला वाटलं चला बरं झालं. नाना छत्री टाकून तसेच पळत आले, म्हणाले, "वर कुठंतरी तुंबलंय, वरल्या अंगाची घरं खाली करा, आत्ताच्या आत्ता." वर दरड येऊन ओढा अडतो, पाणी मागं साठतं आणि मग माती-झाडं-दगड घेऊन सगळं एकदम सुटतं, हे त्यांना कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. वरच्या चार घरातली माणसं आम्ही शाळेत आणली. शाळा वाडीच्या खालच्या अंगाला पण ओढ्यापासनं लांब, कातळावर. एक आज्जी येईना, म्हणे १९६७ च्या भूकंपात हलले नाही ते आता कशाला हलू. नानांनी वाद घातला नाही, तिच्या दोन शेळ्या सोडून शाळेकडं हाकलल्या, मग आज्जी शिव्या देत देत मागनं आली.

रात्री जेवणं उरकून कुणी कुणी पडलेलं तेव्हा आवाज झाला. आधी बऱ्याच जणांना वाटलं भूकंप, कोयनेच्या भागात बारके धक्के अधूनमधून बसतात त्यामुळं सवय आहे, पण हा थांबेना. मोठं पोकलेन दगड ओढत नेतंय तसा घरघर आवाज आणि ओल्या मातीचा, मोडलेल्या झाडांचा उग्र वास. बाहेर काळोख, लाईट दुपारपासनंच नव्हती. बॅटरी मारून काही दिसलं नाही. कुणाला बाहेर जाऊ दिलं नाही नानांनी, सकाळपर्यंत सगळे शाळेत बसून.

सकाळी बघतो तर वरच्या चारपैकी एका घराचा गोठा पूर्ण गाडला गेलेला, गुरं आधीच सोडलेली म्हणून वाचली. दुसऱ्याची मागची भिंत फुटून चिखल स्वयंपाकघरात. आमची ओढ्याकाठची खाचरं, ज्यात आदल्याच दिवशी तरवा लावलेला, तिथं नुसता दगडगोट्यांचा ढीग. आणि रस्ता, तो तीन ठिकाणी गेलेला. एका ठिकाणी वरची माती रस्त्यावर, दुसरीकडं मोरीच वाहून गेलेली, तिसऱ्या ठिकाणी तर रस्ताच खाली सरकलेला, डांबराचा तुकडा जसाच्या तसा पंधरा-वीस फूट खाली झाडाला अडकून बसलेला. लाईटचे पोल आडवे. मोबाईलचा टॉवर आदल्या रात्रीपासनं बंद.

पहिला प्रश्न खाण्याचा नसतो, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना पटत नाही. पावसाळ्याची बेगमी आमच्याकडं मे महिन्यातच होते. तांदूळ, नाचणी, उडीद, सुके बोंबील, लाकडं, शेणी, सगळं माळ्यावर. गणपतीपर्यंत दुकान नाही मिळालं तरी कुणी उपाशी मरत नाही. संपतं काय तर मीठ, तेल, चहा-साखर, आणि गोळ्या. बीपीच्या, शुगरच्या. म्हातारी माणसंच जास्त त्यामुळं शाळेत सगळ्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकत्र आणून मोजल्या, कुणाची कुठली, किती राहिल्या. एकाच प्रकारच्या असतील तर वाटून घ्या म्हणणारे पण निघाले, आशा ताईंनी त्यांना चांगलं झापलं.

खरा प्रश्न होता की आपण जिवंत आहोत हे बाहेर कळवायचं कसं. मुंबईला आमच्या घरच्यांनी टीव्हीवर तळीये बघितलेलं, इकडं फोन लागत नाही, त्यांची काय हालत झाली असेल. वाडीत कुठंच रेंज नाही. पण वर कड्याच्या तोंडावर गेलं की कोकणातल्या टॉवरची रेंज मिळते, हे गुराख्यांना माहीत. तर आम्ही तिघं, ज्या डोंगरावरनं रात्री दरड आली त्याच्याच दुसऱ्या सोंडेवरनं वर चढलो. ढगात होता कडा, चार हातांवरचं दिसत नव्हतं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यांनी चार्जिंग वाचवून एकच फोन चालू ठेवलेला, तो नंतर पिकअपच्या बॅटरीवर चार्ज करायचो. वर पोचल्यावर एक कांडी आली, गेली, आली. आधीच ठरवलेलं की फोन करायचा नाही, एसेमेस टाकायचा, तो कमी रेंजला पण जातो. सगळ्या घरांची नावं, सगळे सुखरूप, रस्ता बंद, लाईट नाही, अमुक गोळ्या लागतात, एवढं गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला पाठवलं. तिकडनं त्यांनी सगळ्यांना फिरवलं आणि वरती कळवलं. हे मुंबई मंडळ म्हणजे एरवी सत्यनारायणाच्या वर्गणीवरनं भांडणारी मंडळी, पण त्या दिवसात कंट्रोल रूम म्हणावी तर तीच.

आमच्यातल्या एका तात्यांची लघवी अडकली, तिसऱ्या का चौथ्या दिवशी. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून होता, गोळी संपलेली. माणूस तळमळत होता अक्षरशः, पोट फुगून दगड झालेलं. मग झोळी. दोन जाड बांबू, त्याला घोंगडी बांधायची, आत माणूस, चौघांनी खांदा द्यायचा आणि चौघे बदलीला. आमच्याकडं हे नवीन नाही, रस्ता व्हायच्या आधी सगळी आजारपणं अशीच गेलीत. पण बदलीला माणसं लागतात आणि वाडीत तरणे असे आम्ही मोजकेच, त्यामुळं खालच्या वाडीतनं पोरं बोलावली. चिखलातनं, पडलेल्या झाडांवरनं पाण्यापर्यंत यायला अर्धा दिवस गेला, एरवी तासाभराची वाट. किनाऱ्यावर आलो तर लाँचवाले दादा नाही म्हणाले. त्यांचं पण चूक नव्हतं. पाणी भराभर चढत होतं, मोठमोठे ओंडके मुळांसकट तरंगत होते, त्यातला एक पंख्याला लागला की लाँच गेली, आणि वारा. रात्र तिथंच एका घरात काढली. पहाटे वारा पडल्यावर त्यांनीच उठवलं. दोघं पुढं बांबू घेऊन उभे, ओंडके ढकलायला, आणि काठाकाठानं तापोळ्याला. तिथल्या आरोग्य केंद्रात नळी घातली, पाचच मिनिटांचं काम. तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. शुद्धीत आल्यासारखे पहिलं काय बोलले तर, चहा हाय का.

मदतीचं म्हणाल तर आली, आणि मनापासून आली. महाबळेश्वरकडची ट्रेकर पोरं पाठीवर सॅक घेऊन चालत आली, त्यांनी आधी विचारलं की काय लागतंय आणि तेच आणलं, गोळ्या, मीठ, मेणबत्त्या, मासिक पाळीचं सामान (हे आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या यादीत नव्हतं). नंतर लाँच सुरू झाल्यावर जे किट आले त्यात बिस्किटं एवढी की गुरांना घातली, आणि जुने कपडे. कपडे नका पाठवू हो खरंच. ओल्या हवेत आमचेच वाळत नव्हते. त्यापेक्षा ताडपत्री, नायलॉन दोरी, बॅटरीचे सेल, पहारी आणि फावडी पाठवा.

रस्ता आधी आम्हीच उकरला, पायवाटेपुरता. जेसीबी तराफ्यावरनं यायचा होता आणि तराफा पाणी शांत होईपर्यंत निघत नव्हता. पहार, टिकाव, घमेलं घेऊन बायका-माणसं सगळी लागली. पण दुपारी साफ केलं की संध्याकाळी परत खाली. माझा राग तिथं आला. कारण जिथं जिथं माती सुटली त्यातली दोन ठिकाणं अशी की जिथं रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय उभा कापलेला. आमच्या डोंगराला वर लाल मातीचा जाड थर, त्यात मोठे गोटे, आणि खाली काळा कातळ. पाणी मातीतनं खाली मुरतं, कातळावर अडतं, आणि मग वरचा सगळा थर त्या ओल्या कातळावर घसरायला मोकळा. त्याचा पायच तुम्ही मशीननं कापला, वरचं पाणी बाजूला काढायला गटार केलं नाही, मोरीला बारका पाईप टाकला, तर दुसरं काय होणार? रस्ता पाहिजेच, तात्यांची झोळी वाहिलेला माणूस रस्ता नको कसं म्हणेल. पण डोंगर बघून रस्ता करा. जुनी पायवाट सोंडेसोंडेनं वर जाते, तिला त्या पावसात काही झालं नाही, ओढ्याच्या पोटातनं नेलेला रस्ता तेवढा गेला.

मग पंचनामे. ह्यात मला वाटलेलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. आलेली माणसं बिचारी आमच्याइतकीच भिजलेली, चालत आलेली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण तक्ता असा आहे की त्यात डोंगर बसत नाही. सरकारनं त्या वेळी जाहीर केलेलं, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्मं पडलं तर ५० हजार, पाव पडलं तर २५, आणि अंशतः म्हणजे १५. आता मागची भिंत फुटलेलं घर, वर डोंगराला भेग, त्यात परत राहायला जाणं म्हणजे जीव द्यायला जाणं, ते घर कागदावर अंशतः. घर उभं आहे ना, मग झालं. शेतीचं, जमीनच वाहून गेली तर हेक्टरी ३७,५००. आमच्याकडं हेक्टर कुणाकडं आहे, खाचरं गुंठ्यात मोजायची. आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर, खाली वारस सतरा, त्यातले काही रायगडला, एक आत्या सोलापूरकडं, दोघांचा पत्ता नाही. सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणाले. जी दगडांखाली गेली त्या जमिनीसाठी! खाचर पूर्वीसारखं करायला जे बांध घालावे लागतात, दगड रचून, माती बाहेरनं आणून, ते आमच्या पणजोबांनी दहा-दहा वर्ष घालवून केलेलं काम आहे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्यानंतर भूगर्भवाले आले, पाऊस उघडल्यावर. ह्यांच्याबरोबर मी दिवसभर फिरलो, फार शिकायला मिळालं. वाडीच्या वर करवंदीच्या जाळीत एक भेग होती, हातभर रुंद, गुराख्यांना पण माहीत नव्हती. झाडं कुठल्या बाजूला कलली, दारं-खिडक्या अचानक घट्ट झाल्या का, झऱ्याचं पाणी गढूळ आलं का, नवीन झरा फुटला का, असं विचारत होते. नानांनी ओढ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि नानांना परत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, वेळेसकट. जाताना सांगून गेले की भेगा चिकणमातीनं बुजवा म्हणजे त्यात पाणी शिरणार नाही, आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूच्या ओढ्यात वळवा. ते आम्ही केलं, श्रमदानानं, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची पोरं आलेली तेव्हा.

रिपोर्ट आला, वाडी धोकादायक. चला, मान्य. मग पुढं? पुढं दर वर्षी जूनच्या सुरुवातीला घराघरात नोटीस, की आपण दरडप्रवण क्षेत्रात राहत आहात तरी सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. सुरक्षित ठिकाण कुठलं ते नोटिशीत नसतं. वाडीच्या पलीकडं एक सपाट माळ आहे, सगळ्यांना पसंत आहे, पण तो वनखात्याचा. इथं १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, त्यामुळं फाईल इकडनं तिकडं. माळीणचं उदाहरण सगळे देतात. ३० जुलै २०१४ ला डोंगर आला, १५१ माणसं गेली, आणि नवीन गाव एप्रिल २०१७ मध्ये राहायला मिळालं, म्हणजे तिथं पण पावणेतीन वर्ष गेली, आणि तिकडं तर सगळ्या देशाचं लक्ष होतं. आमच्यात माणूस गेलं नाही. हे बोलायला वाईट वाटतं पण फाईलला वजन कशानं येतं ते आता आम्हाला समजलंय.

आणि वाडीत पण एकमत नाही हो. तरण्या लोकांचं म्हणणं, मिळेल तिथं जाऊ, वाईकडं दिली जागा तरी चालेल. म्हातारे म्हणतात, एकदा उठवलं तेव्हा बापानं ऐकलं, लांब गेलेल्या भावकीचं काय झालं ते आम्ही बघितलं, जमीन मिळाली तिथं पाणी नाही, पाणी मिळालं तिथं गाववाले उभं करत नाहीत. आता उठायचं तर ह्याच खोऱ्यात, नजरेसमोर. कोपरखैरण्याला हॉल घेऊन मिटिंग झाल्या, खुर्च्या फेकायची वेळ आली एकदा. मी स्वतः म्हाताऱ्यांच्या बाजूनं आहे. मुंबईत फ्लॅट असताना असं बोलणं सोपं आहे हे मला तोंडावर सुनावलं पण गेलं, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

१९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी झाली तेव्हा रात्रीत सगळ्यांचे फोन वाजले. तेव्हापासनं मात्र एक पद्धत बसवलीय. शाळेच्या अंगणात पावसाचं माप ठेवलंय, साधं पत्र्याचं डबडं आणि पट्टी, शाळेतली पोरं रोज वाचतात. ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की वरची चार घरं रात्रीला शाळेत, वाद नाही, तिथं गाद्या, बॅटऱ्या, गोळ्यांची पेटी कायम असते. भेगेच्या दोन्ही बाजूला खुंट्या ठोकून मधे दोरी ताणलीय, दर रविवारी नाना टेपनं मोजून वहीत लिहितात, तारीख टाकून. गेल्या दोन पावसाळ्यात अंतर वाढलंय, थोडं, पण वाढलंय. ग्रामसभेचा ठराव पुन्हा पाठवलाय, ह्या खेपेला त्या वहीची झेरॉक्स जोडलीय. ऑफिसात मूळ वही मागत होते. नाना म्हणाले, वही मिळणार नाही, पाहिजे तर इथं येऊन बघा, रविवारी या, मापायला टेप धरायला माणूस लागतोच.